'ना हरकत' देण्याआधी : गावाचे पर्यटन, गावाची वीज

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाभोवती फिरत असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. गावात पर्यटक येऊ लागले आहेत किंवा यावेत अशी इच्छा आहे, त्याच सुमारास सौरऊर्जेचा एखादा प्रकल्पही वेशीवर येऊन उभा आहे, आणि या दोन्हींत गावाने आपले म्हणणे कसे मांडावे हे कोणी नीट सांगत नाही, अशी बहुतेकांची तक्रार आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून छापलेली नाहीत. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून काढलेल्या वर्षांचा अनुभव उत्तरांत मधूनमधून डोकावेल, तेवढा चालवून घ्यावा.

प्रश्न : आमच्या गावात समुद्रालगतच्या खासगी जागेत पन्नास खोल्यांचे रिसॉर्ट बांधण्यासाठी बाहेरच्या एका मंडळींनी ग्रामपंचायतीकडे ना हरकत दाखला मागितला आहे. मासिक सभेत बहुमत आहे, पण ग्रामसभेत विरोध होईल असे दिसते. पर्यटन हा विषय मुळात ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतो का? सदस्यांचे म्हणणे असे की आपण दाखला अडवला तरी ते वरून परवानगी आणतील, मग वाईटपणा कशाला घ्यायचा? (एक महिला सरपंच, सिंधुदुर्ग जिल्हा)

तुमच्या सदस्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. गावठाणाबाहेरच्या बांधकामाची परवानगी सहसा ग्रामपंचायतीच्या हातात नसते आणि किनाऱ्यालगत सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात, ज्यांचा निर्णय वरच होतो. सिंधुदुर्गाला १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केले, तेव्हाही कोणत्या ग्रामसभेला विचारले गेले नव्हते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांची यादी अकराव्या अनुसूचीत दिली आहे. तिच्यात अपारंपरिक ऊर्जास्रोत पंधराव्या क्रमांकावर आहेत, पर्यटन मात्र कोठेच नाही.

पण त्याच यादीत पिण्याचे पाणी आहे, आरोग्य आणि स्वच्छता आहे, बाजार आणि जत्रा आहेत, सामुदायिक मालमत्तेची देखभालही आहे. पर्यटक गावात आला की तो या चार-पाच विषयांतूनच वावरतो, म्हणून 'पर्यटन आमच्याकडे नाही' असे म्हणून ग्रामपंचायतीला हात झटकता येत नाहीत. एक साधा हिशेब करून पाहा. पन्नास खोल्या म्हणजे शंभर खाटा. भारतीय मानकांत हॉटेलसाठी दर खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरतात, म्हणजे रिसॉर्ट भरलेले असताना रोज १८,००० लिटर लागतील. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसामागे ५५ लिटर धरलेले आहेत. एका रिसॉर्टचे पाणी सव्वातीनशे गावकऱ्यांच्या पाण्याइतके होते, आणि तेही एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा तुमच्या वाडीतल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. हा आकडा ग्रामसभेसमोर ठेवला की चर्चा 'विकास हवा की नको' या निरर्थक वळणावर न जाता 'पाणी कोठून आणणार' या मुद्द्यावर येते.

आता ग्रामसभेविषयी. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते, आणि ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला मात्र ही अट राहत नाही, आणि नेमका तोच रस्ता गैरसोयीचे विषय मंजूर करून घेण्यासाठी वापरला जातो. नोकरीत असताना मी अशी प्रोसिडिंग बुके पाहिली आहेत की ज्यांत सभेला हजर असलेल्यांच्या सह्या एकाच शाईत, एकाच दिवशी, घरोघर फिरून घेतल्याचे न सांगताही कळत असे. तुम्ही हा विषय महिला सभेसमोर आधी ठेवा, कारण टँकर आला की हंडे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकाच असतात.

दाखल्यासाठी 'देणे' आणि 'न देणे' असे दोनच पर्याय आहेत, हा समज सोडून द्यावा. तिसरा पर्याय अटींसह ठरावाचा, आणि माझ्या मते तोच कामाचा आहे. रिसॉर्टच्या पाण्याचा उद्भव कोणता, सांडपाण्याची व्यवस्था कोणत्या गटात होणार, ओल्या कचऱ्याचे काय, गरम पाण्यासाठी आणि दिवाबत्तीसाठी छतावर सौरसंच बसवणार की रात्रभर जनरेटर धडधडणार, या सगळ्या बाबी ठरावात शब्दशः लिहाव्यात. सर्वांत महत्त्वाची अट किनाऱ्याच्या वाटेची. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्या मंडळींच्या होड्या जेथे ठेवल्या जातात आणि जाळी जेथे सुकवली जातात, ती जागा आणि तिच्याकडे जाणारी पाणंद गट नंबरासह ठरावात नोंदवा. कुंपण पडल्यावर वाट शोधत बसणे फार जड जाते. वरचा अधिकारी असा ठराव फेटाळू शकतो, हे खरे. पण फेटाळताना त्याला कारण लिहावे लागते, आणि पुढे कोणी न्यायालयात गेले तर कारण नसलेल्या आदेशापेक्षा अटी लिहिलेला ठराव अधिक उपयोगी पडतो.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' अशी घोषणा दिली, ती बहुतेकांना पाठ आहे. त्या गावात निर्णयापूर्वी अभ्यासगटात बसून विषय समजून घेण्याची रीत होती आणि निर्णय सर्वसहमतीने होत, ही गोष्ट त्यामानाने कमी लोकांना ठाऊक असते. २००९ साली १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गावाची ताकद घोषणेपेक्षा त्या बैठकांत होती. तुम्हालाही ग्रामसभेआधी दोन-तीन बैठका घ्याव्या लागतील, आणि रिसॉर्टवाल्यांना तेथे बोलावून प्रश्न विचारावे लागतील.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी सापडतात आणि आमच्याच जिल्ह्यातल्या वेळासप्रमाणे कासव महोत्सव सुरू करण्याची खटपट आम्ही करत आहोत. दरम्यान ग्रामपंचायतीने किनाऱ्याच्या रस्त्याला वीस सौर पथदिवे आणि एक हायमास्ट (उंच खांबावरचा प्रखर दिवा) मंजूर करून घेतला आहे. सौरदिवे पर्यावरणपूरकच असतात, मग आमच्या काही मित्रांचा त्यांना विरोध का? (एक तरुण वाचक, रत्नागिरी जिल्हा)

तुमच्या मित्रांचे बरोबर आहे, आणि हा प्रश्न मला सहांपैकी सर्वांत आवडला, कारण सौरऊर्जा आणि पर्यटन या दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड कशा येतात ते त्यातून दिसते.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पन्नास दिवसांच्या आगेमागे पिल्ले बाहेर येतात आणि जिकडचे क्षितिज अधिक उजळ असेल तिकडे चालू लागतात. हजारो वर्षे ते उजळ क्षितिज समुद्राचे होते. रस्त्यावर पांढरा हायमास्ट लागला की पिल्ले समुद्राकडे पाठ करून रस्त्याकडे निघतात, आणि सकाळी कावळे-कुत्र्यांच्या तोंडी पडतात. मादीसुद्धा लख्ख उजेडाच्या किनाऱ्यावर यायला कचरते. वीज औष्णिक केंद्रातून आली की सूर्यापासून, याच्याशी पिल्लाला काहीही देणेघेणे नसते.

वेळासमध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून घरटी राखण्याचे काम सुरू केले आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. तेथे गेला असाल तर आठवेल : सकाळी आणि संध्याकाळी जाळीच्या कुंपणातली टोपली उचलली जाते, खाली पिल्ले आहेत की नाहीत ते पाहिले जाते, आणि असतील तर ती पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडली जातात, म्हणजे ती स्वतः चालत जावीत. माणसे दोरीच्या अलीकडे उभी असतात. कित्येकदा टोपलीखाली काहीच नसते आणि मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेली मंडळी यजमानांच्या घरी जेवून परत जातात. ते जेवण आणि ती राहण्याची सोय गावातल्या घरांत होते, म्हणून पैसा गावात राहतो आणि म्हणूनच घरटी राखायला गाव तयार असते. त्या व्यवस्थेत अंधार हेही एक भांडवल आहे.

तेव्हा दिवे नकोत असे म्हणू नका, त्यांची जागा बदला. किनाऱ्यावरून दिसणारा हायमास्ट रद्द करून तो बसथांब्याजवळ न्यावा. पथदिवे ठेवायचेच असतील तर कमी उंचीचे, वरून झाकलेले, खालीच प्रकाश टाकणारे आणि पिवळसर-तांबूस रंगाचे घ्यावेत. आणि नोव्हेंबर ते मे या हंगामात किनाऱ्याकडचे दिवे रात्री बंद ठेवण्याचा ठराव करावा. अकोले तालुक्यात पुरुषवाडी-भंडारदरा परिसरात काजवे पाहायला मे-जूनमध्ये गर्दी होते, तेथेही हीच अडचण आहे : काजव्यांचे लुकलुकणे हे नर-मादीचे एकमेकांना दिलेले संकेत असतात, आणि गाडीच्या दिव्यांत ते बुडून जातात.

खरेदी करतानाची आणखी एक गोष्ट. सौर पथदिव्यांची बॅटरी चार-सहा वर्षांत बदलावी लागेल असे गृहीत धरून चाला. मी पाहिलेल्या एका गावात तिसऱ्या वर्षी बावीस दिव्यांपैकी चार चालू होते, बाकीच्या खांबांना गणपतीत माळा बांधायला सोय झाली होती. दिवे निधीतून आले होते, बॅटरीसाठी निधी कोणाकडेच नव्हता. देखभालीची रक्कम दर वर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळी दाखवता येत नसेल, तर वीसऐवजी आठच दिवे घ्यावेत.

प्रश्न : आमच्या पठारावरही भाद्रपदात फुले येतात. चित्रफिती पसरल्यापासून शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, शेतांच्या बांधांवर गाड्या लागतात. कासप्रमाणे प्रवेशशुल्क लावता येईल का? (सातारा जिल्ह्यातील एक वाचक)

पठाराची जमीन कोणाची, यावर उत्तर अवलंबून आहे. तलाठ्याकडून सर्व गटांचे सातबारे काढा. जमीन वनखात्याची असेल तर शुल्क ग्रामपंचायत परस्पर लावू शकत नाही. त्यासाठी संयुक्त वन व्यवस्थापन समिती आणि वनविभाग यांची व्यवस्था लागते. कासला तसेच आहे : लगतच्या गावांच्या समित्या मिळून काम करतात, तिकीट तपासण्यापासून वाट दाखवण्यापर्यंतची कामे स्थानिक मुले-मुली करतात. जमीन खासगी असेल तर मालकांची संमती आधी. ग्रामपंचायतीच्या हाती हमखास असते ते वाहनतळाचे शुल्क, आणि खरे तर गर्दी आवरण्याचे सर्वांत धारदार हत्यार तेच आहे. गाड्या पठारापासून दोन-तीन किलोमीटर अलीकडे अडवल्या की फक्त फुले पाहायलाच आलेला माणूस चालत पुढे जातो.

कासचा अनुभव दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखा आहे. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत २०१२ साली कासचा समावेश झाला आणि गर्दी इतकी वाढली की दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आणि आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणावी लागली. मर्यादा आधी आणि शुल्क नंतर, हा क्रम महत्त्वाचा. ज्यांनी उलट केले त्यांना उत्पन्नाची चटक लागते आणि मग मर्यादा कधीच येत नाही. दुसरीकडे, पठार राखण्यासाठी तेथे जाळीचे कुंपण घातले गेले. त्याने माणसांबरोबर गुरेही अडली. चराई थांबल्यावर गवत माजते आणि बोटभर उंचीची फुलझाडे त्यात दबतात, असा आक्षेप जाणकारांनी घेतला आणि पुढे जाळी काढली गेली. गुराख्याला आधी विचारले असते तर एवढा खर्च वाचला असता, असे मला राहून राहून वाटते.

तुमच्या पठारावर एकदा खाली बसून पाहा. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर कोठे बोटभर, कोठे त्याहूनही कमी असतो. त्या ओल्या थरात सीतेची आसवे उगवतात, गेंद उगवतो. चित्र काढण्यासाठी कोणी दोन पावले आत गेले की बुटाच्या टाचेएवढा खळगा पडतो आणि त्यात पाणी साचून राहते. त्यामुळे वाट आखणे, तिच्या बाहेर पाऊल पडू न देणे आणि त्यासाठी पोरांना रोजंदारी देणे, यावर पहिल्या वर्षीचे सगळे उत्पन्न गेले तरी चालेल. शुल्काची रक्कम ग्रामनिधीत मिसळून न टाकता वेगळ्या खात्यात ठेवा, आणि हंगाम संपल्यावर येणाऱ्या पहिल्या ग्रामसभेत जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवा. कासच्या शेजारच्या गावांसारखे तुमच्याही पठाराला चार गावांच्या सीमा भिडत असतील, तर चार सरपंचांनी पैशाची वाटणी ठरवल्याशिवाय पावतीपुस्तक छापू नये.

प्रश्न : आम्ही तिघी बहिणी-जावा मिळून घरातल्या तीन खोल्यांत पर्यटकांची सोय करतो. छतावर सौरसंच बसवायचा आहे. अनुदान मिळेल का, आणि पावसाळ्यात उपयोग होईल का? (रायगड जिल्हा)

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, म्हणजे तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते घरगुती ग्राहकाला मिळते, म्हणून आधी तुमच्या वीजबिलावर ग्राहकाचा कोणता वर्ग छापला आहे ते पाहून महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारा. एका किलोवॉटमागे दिवसाला चारएक युनिट धरा. पावसाळ्यात ते बरेच कमी होतील, पण तेव्हा तुमच्या खोल्याही रिकाम्या असतात. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे तुम्ही महावितरणला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते त्या पद्धतीत, उरलेली युनिटे आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत पुढे ओढली जातात. आंघोळीचे पाणी तापवायला मात्र विजेचा गिझर न घेता सौर बंब घ्या, तो स्वस्त पडतो. सांगाडा बसवणाऱ्याला वाऱ्याचा वेग विचारून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरकडे कौले आणि पत्रे कसे उडवले ते तुम्ही पाहिलेच असेल.

प्रश्न : आमच्या गावचे वीस एकर गायरान सौर प्रकल्पासाठी मागितले आहे. त्याच गायरानातून गडावर जाणारी वाट आहे. ट्रेकला येणाऱ्यांना आमचा बचत गट पिठलं-भाकरी देतो. 'गावाला पंधरा लाख मिळणार' असे सांगतात. संमती द्यावी का? (बचत गटाच्या अध्यक्षा, नाशिक जिल्हा)

हा प्रकल्प बहुधा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला असावा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि राळेगणसिद्धीपासून जिची चर्चा झाली त्या मूळ योजनेचा हा २०२३ नंतरचा विस्तार. शेतीच्या पंपांना दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू आहे, आणि रात्री दोन वाजता बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला त्याची किंमत सांगावी लागत नाही. त्यामुळे सरसकट विरोध करू नका.

पण पैशांचा हिशेब मांडा. योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे, म्हणजे एकूण १५ लाखांचे प्रोत्साहन आहे. हीच जागा खासगी असती तर भाडेपट्टा हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपयांचा, दर वर्षी ३ टक्के वाढीसह आहे. वीस एकर म्हणजे साधारण आठ हेक्टर. पहिल्याच वर्षी १० लाख. पंचवीस वर्षांच्या करारात ही रक्कम साडेतीन कोटींच्या पुढे जाते. गायरान शासनाच्या मालकीचे असल्याने हे भाडे गावाला मिळणार नाही, हे खरे. मात्र गुरे, शेळ्यामेंढ्या, सरपण आणि गडाची वाट यांच्यातून गाव जे आज उचलते, ते मोलाने किती आहे याचा अंदाज तुम्ही मांडल्याशिवाय पंधरा लाख जास्त की कमी हे ठरवता येणार नाही. घरोघर किती जनावरे गायरानात जातात याची साधी मोजणी बचत गटाच्या बायका दोन दिवसांत करू शकतील.

कायद्याची बाजूही थोडी तुमच्याकडे आहे. गायरान अन्य कामासाठी वळवण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २२-अ ने मर्यादा घातल्या आहेत. सार्वजनिक कामासाठी आणि दुसरी योग्य जागा नसताना, अशा चौकटीत ते बसावे लागते. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या जगपालसिंग निकालात गावाच्या सामायिक जमिनी जपण्याचा आग्रह धरला. म्हणून ग्रामसभेत पहिला प्रश्न असा विचारा की वीज उपकेंद्राजवळ पडीक खासगी जमीन भाड्याने द्यायला कोणी तयार नाही का. पुष्कळदा तयार असतात, त्यांना कोणी विचारलेले नसते.

एवढे करूनही गायरानच द्यायचे ठरले तर नकाशावर रेघ मारून घ्या. गडाची वाट, पाण्याचा डोह आणि एखादी देवराई किंवा म्हसोबाचे स्थान कुंपणाबाहेर राहिले पाहिजे, आणि वाटेची रुंदी मीटरमध्ये लिहिली पाहिजे. एका मेगावॉटला साधारण चार एकर जागा लागते, तेव्हा वीस एकरांवर पाचच्या आसपास मेगावॉटचा प्रकल्प येईल; वाटेसाठी अर्धा एकर सोडल्याने त्याचे काही अडत नाही. पॅनेलच्या ओळींमधले गवत कापून नेण्याची मुभा गावाला असावी, कारण गवत कापावे तर कंपनीलाही लागतेच. पॅनेल धुण्याचे पाणी कोणत्या विहिरीतून जाणार तेही विचारा. गडाच्या पायथ्याशी तुमची चूल जेथे मांडता त्या जागेचे छायाचित्र काढून ठेवा. उद्या तेथे फाटक उभे राहिले तर 'येथे काहीच नव्हते' असे म्हणायला जागा उरू नये.

गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी भागांतल्या पंचायतींचा वेगळा कायदा लागू असलेल्या क्षेत्रात) असेल तर गोष्ट आणखी बदलते : तेथे पाड्याची ग्रामसभासुद्धा स्वतंत्रपणे बसू शकते, आणि तिला डावलणे एवढे सोपे नाही.

प्रश्न : हे सगळे वाचायला ठीक आहे, पण एखाद्या गावाने स्वतःची वीज स्वतः करून, वर पर्यटनही सांभाळल्याचे उदाहरण आहे का? आणि त्यासाठी पवनचक्की गावातच हवी का? (पुण्यातील एक वाचक, मूळ गाव पाटण तालुका)

तुमच्याच तालुक्यात मान्याचीवाडी आहे. सुमारे शंभर घरांची ही वाडी ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून घोषित झाली. घरे, पथदिवे आणि सार्वजनिक पाणीपुरवठा सौर विजेवर आहेत. त्याआधी कित्येक वर्षे ती वाडी स्वच्छतेच्या आणि ग्रामविकासाच्या स्पर्धांत भाग घेत आली होती, म्हणजे सौरसंच येण्याआधी एकत्र काम करण्याची सवय तेथे होती. सुट्टीत गावी जाल तेव्हा वाकडी वाट करून जाऊन या.

पर्यटन आणि वीज दोन्ही एका हाती असलेले उदाहरण मात्र दूरचे आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एग नावाचे शंभरएक लोकवस्तीचे बेट आहे. तेथल्या रहिवाशांनी १९९७ मध्ये वर्गणी गोळा करून ते बेट एका खासगी मालकाकडून विकत घेतले आणि विश्वस्त संस्थेकडे ठेवले. २००८ पासून बेटाला स्वतःची वीज आहे. जलविद्युत, वारा आणि सूर्य अशा तिन्हींतून ती येते आणि त्या संस्थेमार्फत चालते. त्यात एक नियम मला फार शहाणा वाटतो : घराला एका वेळी ५ किलोवॉटपेक्षा जास्त भार घेता येत नाही, धंद्याला १० किलोवॉट. मर्यादा ओलांडली की जोडणी बंद पडते. उन्हाळ्यात पाहुण्यांनी घर भरले तरी मर्यादा तीच, म्हणून पर्यटकाच्या सोयीपायी शेजारच्या आजीबाईंची चूल विझत नाही. वीज जास्त झाली तर ती सभागृह आणि चर्च उबदार ठेवायला वापरतात.

हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा आणता येणार नाही, कारण आपली गावे ग्रिडला, म्हणजे सामायिक वीजजाळ्याला, जोडलेली आहेत. पण मे महिन्यात प्रत्येक घरगुती निवासात तीन-तीन वातानुकूलन यंत्रे लागल्यावर वाडीचा ट्रान्सफॉर्मर उडतो, हा अनुभव कोकणात आता नवा राहिलेला नाही. नवीन खोल्यांना परवानगीचा विषय आला की ट्रान्सफॉर्मर किती क्षमतेचा आहे आणि त्यावर आज किती भार आहे, हे महावितरणकडून लेखी घेऊन ग्रामसभेसमोर ठेवणे कोणत्याही सरपंचाला शक्य आहे.

राहिला पवनचक्कीचा प्रश्न. तमिळनाडूत कोइम्बतूर जिल्ह्यातल्या ओडनथुराई ग्रामपंचायतीने २००६ मध्ये ३५० किलोवॉटची पवनचक्की विकत घेतली. खर्च दीड कोटींच्या थोडा वर आला. ४० लाख ग्रामपंचायतीच्या शिलकीतले, उरलेले बँकेचे कर्ज. ती चक्की त्यांनी आपल्या गावात उभारली नाही, वारा चांगला मिळतो अशा दुसऱ्या ठिकाणी उभारली, आणि तिची वीज ग्रिडमध्ये जाते. गावाला लागते त्याहून जास्त वीज तयार होत असल्याने उरलेली वीज मंडळाला विकली जाते आणि त्या पैशातून कर्जाचे हप्ते भरले गेले. तुमच्या तालुक्यात वनकुसवडे पठारावर रांगेने चक्क्या फिरताना दिसतात, त्यांतली एकही कोणत्या ग्रामपंचायतीच्या मालकीची आहे का, हे पाटणला गेल्यावर गटविकास अधिकाऱ्यांना विचारून पाहा, आणि उत्तर आले की कळवा.